पँटच्या नावावर लागलेला गोल

मी केलेला गोल एका माणसाच्या पँटच्या नावावर लागलेला आहे. हे वाक्य मी गेला महिनाभर वेगवेगळ्या लोकांना सांगतो आहे आणि प्रत्येक जण आधी हसतो. हसायला हरकत नाही. पण हसून झाल्यावर तरी माणसाने विचारावं की असं झालं कसं. कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

मी आइस हॉकी खेळायचो. धंदा म्हणून. नेदरलँड्समध्ये हा धंदा करून कोणी बंगले बांधत नाही. आमचा गोलकीपर सकाळी टपाल वाटायचा, आणि मी आठवड्याचे चार दिवस एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. पण करार होता, करारात 'व्यावसायिक खेळाडू' हे शब्द होते, आणि ते शब्द मी भांडून घालून घेतले होते. अकरा हंगाम खेळलो. जागा डिफेन्समनची. म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि समोरून येणारा माणूस आणि त्याच्याकडची रबरी चकती, जिला पक म्हणतात, ह्या दोघांना पुढे येऊ द्यायचं नाही. जमलं तर स्टिकने, नाहीतर खांद्याने, तेही नाही जमलं तर स्वतः आडवं पडून.

पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो. मी स्केटिंग शिकलो ते चाकांवर. पहिले स्केट्स आईने जुन्या बाजारातून आणले. आईची खरेदीची एक पद्धत होती आणि ती पद्धत हीच माझी खरी वडिलोपार्जित इस्टेट. ती कधीही एक वस्तू मागायची नाही. दोन मागायची. दोनाचा भाव पाडून घ्यायची, दुकानदार दोन बांधायला लागला की म्हणायची, "थांबा, एकच द्या, पण ह्याच भावाने." दुकानदार चिडला की ती पिशवी उचलून चालू लागायची. तीन पावलं. चौथं पाऊल मी कधी पाहिलं नाही, कारण त्याच्या आत हाक यायचीच.

आमच्या घरामागे एक अर्धवट बांधलेला मॉल होता. त्याच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी स्केटिंग करायचो आणि तिथला वॉचमन मला हाकलायचा. मला पाठ दाखवून पळणं मंजूर नव्हतं. म्हणून मी त्याच्याकडे तोंड करून, त्याच्याशी वाद घालत घालत, उलटा मागे सरकत जायचो. तो काठी घेऊन पुढे, मी स्केट्सवर मागे, आणि दोघांचं तोंड चालू. असं चार वर्षं चाललं. पुढे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेला, एम.एस. करायला आलो, विद्यापीठाच्या संघाला माणसं कमी पडत होती, आणि तिथल्या प्रशिक्षकाने विचारलं, "तुला काय येतं?" मी म्हणालो, "समोरच्याशी भांडत उलटं पळता येतं." तो म्हणाला, "मग तू डिफेन्समन आहेस." बर्फावर थांबता मात्र येत नव्हतं. पहिले दोन महिने मी भिंतीला धडकूनच थांबलो.

पहिला खरा करार करायला गेलो तेव्हा आईची पद्धत वापरली. क्लबचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी होते. मी दोन वर्षांचा करार मागितला, गाडी मागितली, आणि प्रत्येक सामन्यानंतर गरम शाकाहारी जेवण मागितलं. ते म्हणाले, एक वर्ष, आणि जेवणाचं म्हणाल तर कँटीनमध्ये चीज भरलेला तळलेला पाव मिळतो, तो देऊ. मी खुर्ची मागे सारली, "मग राहू दे" म्हणालो आणि निघालो. एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं. मागून आवाज आला, "बरं, भेटू मग." आणि कागदांचा आवाज. ते पुढच्या कामाला लागले होते. मी पार्किंगपर्यंत पोचलो तरी हाक नाही. नशिबाने स्केट्सची बॅग खुर्चीखाली राहिली होती. ती घ्यायला परत गेलो आणि वाकल्या वाकल्या सही केली. एक वर्षाचा करार, तळलेला पाव, आणि एक जुनी गाडी, जिच्या दारावर जाड पॅड्समुळे मान न दिसणारा माझा फोटो आणि खाली 'आमच्या फरशीसारखा भक्कम' असं लिहिलेलं. उइटहॉर्नमध्ये आमच्या गल्लीत ती गाडी लावायला लागल्यापासून शेजारी मला बाथरूमच्या फरशीबद्दल विचारू लागले.

आता डिफेन्समनची अडचण सांगतो. तो जे करतो ते कुठेच लिहिलं जात नाही. फॉरवर्डने गोल केला की त्याच्या नावावर एक. डिफेन्समनने गोल अडवला की कोणाच्याच नावावर काही नाही, कारण काही झालंच नाही. मी अकरा वर्षं काही होऊ दिलं नाही. त्यात दोन दात गेले, एक बोट कायमचं वाकडं झालं आणि उजवा गुडघा हवामान सांगू लागला. क्लबच्या वेबसाइटवर माझ्या नावासमोर गोलांच्या रकान्यात शून्य.

आईला दर रविवारी फोन व्हायचा.

"झाला का?"

"नाही."

"अरे, पण तू नक्की करतोस काय तिथे?"

"अडवतो."

"आणि गोल?"

"ते दुसरे करतात."

"म्हणजे तू वॉचमन."

"वॉचमन नाही गं आई."

"मग? तो पण अडवतोच ना. आपला खालचा काका तर कुरिअरवाल्यालाही सोडत नाही."

एकदा तर ती म्हणाली, "तू गाडी चालवायला, कोड लिहायला एवढा हुशार, आणि एवढ्या वर्षांत एक गोल नाही? बाकीचे येऊ देत नाहीत का तुला पुढे?" मी तिला समजावून सांगणं सोडून दिलं. पण तेव्हापासून मला तो गोल हवा झाला. ते शून्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

अकरावा हंगाम शेवटचा ठरला होता. गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात होतं. घरच्या मैदानावरचे दोनच सामने उरले होते. रविवार दुपार, चार वाजता, समोर तळाचा संघ. क्लब सामना इंटरनेटवर दाखवायचा, एका कॅमेऱ्याने, आणि त्या कॅमेऱ्यावर वाफ धरायची. आई पुण्यात रात्रीचं जेवण आटोपून ती वाफ बघत बसायची. शेवटच्या दहा मिनिटांत पक माझ्याकडे आला. मी निळ्या रेघेवर होतो, गोलपासून लांब. आमचा एक फॉरवर्ड माझ्याकडे पाठ करून त्यांच्या गोलकीपरशी हुज्जत घालत उभा होता. हा फॉरवर्ड आठवडाभर प्लंबर असायचा, तेव्हा त्याला प्लंबरच म्हणतो. मी डोळे मिटले आणि मारला. डोळे उघडले तेव्हा गोल झाल्याचा लाल दिवा लागला होता.

भोंग्यावरून माझं नाव पुकारलं. आडनाव चुकीचं पुकारलं, पण पुकारलं. मी बर्फावर गुडघ्यांवर बसलो, तेवढ्यात गुडघ्याने त्याचं मत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इथे सकाळचे नऊ वाजायच्या आत पुण्यात पेढे वाटून झाले होते. आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं आहेत. अठ्ठेचाळीस घरं आणि खालचा वॉचमन. नऊ वाजून पाच मिनिटांनी क्लबच्या वेबसाइटवर दुरुस्ती आली: पक जाळ्यात जाण्याआधी फॉरवर्डच्या पँटला लागला असल्याने गोल फॉरवर्डचा. माझ्या नावावर एक साहाय्य. सव्वानऊला माझ्या मावसभावाने, ज्याने आयुष्यात एक कॅरम सोडून काही खेळलेलं नाही, कुटुंबाच्या ग्रुपवर वेबसाइटचा फोटो टाकला. खाली लिहिलं: 'गोल शून्य. पेढे कशाचे?'

आईचा फोन आला. ती ओरडली नाही. ती ओरडली नाही की मला भीती वाटते.

"अठ्ठेचाळीस घरं," ती म्हणाली. "आता काय, परत मागू?"

"मी बघतो."

"बघ. आणि एक मागायला जाऊ नकोस. दोन माग."

गोल कोणाचा हे ठरवणारा माणूस म्हणजे आमच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नोंदी ठेवणारा. निवृत्त भौतिकशास्त्राचा शिक्षक, म्हणून मी त्याला मास्तर म्हणतो. काचेच्या खोलीत गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन बसायचा, बिनपगारी. मी सोमवारीच त्याला गाठायला गेलो. तो म्हणाला, "वेळ ठरवून या." मी म्हणालो, "आपण समोरासमोर उभे आहोत." तो म्हणाला, "हो, पण ठरवून नाही." गुरुवार, सव्वादहा ते पावणेअकरा.

गुरुवारी त्याने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"दोन गोल माझे आहेत. ते माझ्या नावावर लावा."

"दोन?"

"दोन."

"एक रविवारचा. दुसरा कुठला?"

दुसऱ्याची मी तयारीच केली नव्हती. दुसरा हा मुळात सोडून देण्यासाठी असतो. जागच्या जागी मला तीन वर्षांपूर्वीचा एक सामना आठवला. आमची धुलाई झाली होती, मी लांबून मारला होता आणि आमच्या कॅनडाच्या फॉरवर्डने वाटेत स्टिक लावून तो आत ढकलला होता. निदान मला तरी तसंच वाटलं होतं. मी तो सांगितला.

"तेव्हा तक्रार का केली नाहीत?"

"मन मोठं केलं."

त्याने तेही लिहून घेतलं. मग मी वाट बघू लागलो. आता त्याने म्हणायचं होतं की दोन शक्य नाहीत, एकाचं बघतो. मग मी चेहरा पाडायचा, कुरकुरायचं आणि रविवारचा उचलायचा. त्याने वही मिटली.

"ठीक आहे. दोन्ही तपासतो."

"तपासण्यापेक्षा आपण एकावर मिटवू ना."

"मिटवू म्हणजे?"

"तुम्ही थोडं पुढे या, मी थोडा मागे येतो."

"गोल तुमचा आहे किंवा नाही. त्यात पुढे येण्यासारखं काय आहे?"

मी उठलो. तीन पावलं, अगदी सावकाश. दारापाशी मान वळवून पाहिलं तर तो माझा कप विसळत होता. माझं डोकं फिरलं आणि मी दार आपटलं. ते दार आपोआप मिटणारं होतं. ते आपटलं गेलं नाही. लांब सुस्कारा टाकत, चांगली दहा सेकंदं घेत, ते माझ्या तोंडासमोर बंद झालं, आणि तेवढा वेळ मला तिथेच उभं राहावं लागलं.

घरी आल्यावर मी रविवारची चित्रफीत लावली. वाफेतून दिसतं ते एवढंच, की काळं काहीतरी येतं, प्लंबर असतो, आणि मग जाळं हलतं. मी पन्नासेक वेळा पाहिलं. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती डचमध्ये देते. सोफ्यामागे उभी राहून तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली की बाबा, पँट हलली. मी तिला मराठीत सांगितलं की वाऱ्यानेही हलते. तिने डचमध्ये विचारलं की आत कुठला वारा.

मग प्लंबरकडे गेलो. तो हार्लेममध्ये एका जुन्या घराच्या न्हाणीघरात पाइपांखाली झोपला होता. मी त्याच्या पायांशी बोललो.

"तुला लागला का तो पक?"

"लागला असेल."

"असेल म्हणजे काय? माणसाला आपल्या मागच्या बाजूचं कळतं."

"तू डिफेन्समन आहेस. तुला त्याची सवय. मी तिकडे बघत नव्हतो."

"मग मास्तरला तसं सांग. म्हण, नाही लागला."

मग तो बाहेर सरकला आणि उठून बसला. "तसं कसं सांगू? टोप्यांचं ठरलंय."

टोप्यांचं असं, की ह्या खेळात एकाच माणसाने एका सामन्यात तीन गोल केले तर प्रेक्षक आपापल्या टोप्या बर्फावर फेकतात. तो जुना रिवाज आहे आणि तो उत्स्फूर्त असायला हवा. प्लंबरने त्या रविवारी दोन गोल केले होते. माझा त्याला मिळाल्याने तीन झाले, पण कधी, तर सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, प्रेक्षक आपापल्या कामावर असताना. म्हणून क्लबने जाहीर केलं होतं की पुढच्या घरच्या सामन्याआधी, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी, टोप्या फेकण्यात येतील. टोपीच्या आत नाव लिहावं. सामन्यानंतर कँटीनमधून टोप्या परत न्याव्यात.

"माझी आजी येणार आहे," प्लंबर म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी वर्षांची. फेकायला म्हणून टोपी विणतेय ती."

"आणि माझ्या आईने अठ्ठेचाळीस घरांत पेढे वाटलेत."

"पेढे म्हणजे काय?"

मी सांगितलं. त्याने विचार केला. "पण ते खाल्ले ना लोकांनी? मग झालं की. टोपी अजून अर्धीच विणून झालीये."

मी हरत आलो होतो, हे मला कळत होतं, आणि अशा वेळी मी गप्प बसत नाही. मी म्हणालो, प्रयोग करू. तू तीच पँट घाल, तिथेच उभा राहा, डोळे बांध. मी मारतो. तुला लागलेलं कळतं का ते बघू. माझा हिशोब असा, की त्या पँटच्या आत बोटभर जाडीचा फोम असतो. त्याला काही कळणार नाही. मग तो 'लागला' असं कशाच्या आधारावर म्हणणार?

मास्तरला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा त्या सबंध प्रकरणात पहिल्यांदा उजळला. त्याने चाळीस वर्षं मुलांना प्रयोग शिकवले होते. मंगळवारी दुपारी, लहान मुलींचा फिगर स्केटिंगचा वर्ग आणि ज्येष्ठांची वेळ ह्यांच्या मध्ये, त्याने वीस मिनिटं बर्फ मिळवला. येताना बायकोचा स्कार्फ आणला आणि स्वतः प्लंबरचे डोळे बांधले. प्लंबर रिकाम्या गोलसमोर, माझ्याकडे पाठ करून, किंचित वाकून उभा राहिला. चकचकीत झगे घातलेल्या पंधरा-वीस मुली घरी जायचं सोडून काचेला नाक लावून बघत होत्या.

मास्तर म्हणाला, "पहिला."

मी मारला. आवाज आला. प्लंबर म्हणाला, "हो."

दुसरा. "हो." तिसरा काचेवर गेला. "नाही." चौथा. "हो, आणि दुखलं."

असे बारा मारले. आठ प्लंबरला लागले, तीन काचेवर गेले आणि एक कोपऱ्यात उभ्या असलेल्या बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीला. प्लंबरने आठच्या आठ बरोबर ओळखले. मधे मी पाणी प्यायला थांबलो होतो, तेव्हाही तो दोनदा "हो" म्हणाला.

मी उसळलो. "लिहा. हे लिहा. लागला नसताना हो म्हणतो हा."

"लिहिलं," मास्तर म्हणाला. "त्याची साक्ष धरता येणार नाही."

मी स्टिक खांद्यावर घेतली. जिंकल्यासारखं वाटलं मला, साधारण अर्धं मिनिट.

"पण एक गोष्ट दिसली," वहीत बघत तो म्हणाला. "बारापैकी दोन पक जाळ्यात गेले. दोन्ही त्याला लागून. त्याला न लागता एकही गेला नाही. गोल रिकामा असताना."

"आज माझा गुडघा बरा नाही."

"तेही लिहितो."

मी स्टिक बर्फावर आपटली. ही मात्र आपटली गेली आणि मधोमध मोडली. काचेमागच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांवर स्कार्फ असलेला प्लंबर म्हणाला, "हो."

शुक्रवारी मास्तरचं पत्र आलं. दोन पानं, आकृत्यांसह. पहिल्या पानावर रविवारचा गोल. चित्रफीत अस्पष्ट, साक्ष निरुपयोगी, प्रयोगावरून पँटचा सहभाग संभवनीय; नोंद आहे तशी राहील. मी ते पान चुरगाळून टाकलं आणि दुसरं चुरगाळायला घेतलं, तेवढ्यात माझं नाव दिसलं म्हणून सरळ केलं. तीन वर्षांपूर्वीचा गोल. त्या दिवशी समोरच्या संघाने स्वतःचा चांगला कॅमेरा आणला होता. मास्तरने ती चित्रफीत मागवून घेतली होती. कॅनडाच्या फॉरवर्डची स्टिक पकपासून वीतभर लांब होती. पक खांबाला लागून वळला होता. खेळाडूचा दावा बरोबर. गोल माझ्या नावावर करण्यात येत आहे. त्या फॉरवर्डला, जो आता मायदेशी घरांची छपरं घालतो, तुमचा एक गोल कमी झाल्याचं कळवलं आहे. त्याचं उत्तर जोडलं होतं: 'कुठला क्लब?'

मी मास्तरला फोन लावला. वेळ न ठरवता लावला.

"चूक झाली आहे. तो गोल माझा नाही. माझा रविवारचा आहे."

"तुम्ही स्वतः म्हणालात की तो तुमचा आहे."

"ती म्हणायची पद्धत असते."

"कसली पद्धत?"

मी सांगितलं. जुना बाजार, दोन मागायचे, एक घ्यायचा. पलीकडे पेन्सिल खरखरली. मला वाटलं लिहून घेतोय.

"मग मिळाला की एक," मास्तर म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा वेबसाइटवर माझ्या नावासमोर एक दिसत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो गोल मी कसा मारला, डावीकडून की उजवीकडून, मला काही आठवत नाही. त्या दिवशी मी वाईट मूडमध्ये होतो आणि घरी येऊन झोपलो होतो, एवढं आठवतं. जो आठवतो, ज्याच्यासाठी गुडघ्यांवर बसलो, तो प्लंबरकडे.

आईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"किती दिसतंय तिथे?" तिने विचारलं.

"एक."

"मग झालं. पेढे लागू झाले." मागे टिकटिक ऐकू येत होती. ग्रुपवर वेबसाइटचा फोटो ती स्वतःच टाकत होती, मावसभावाच्या नावासकट.

"अगं, पण हा तो नाही. तू पाहिलास तो रविवारचा. तो माझा होता, पँटला न लागता गेलेला."

"लागला होता."

"काय?"

"लागला होता पँटला. मला तेव्हाच दिसलं. चांगली हलली पँट."

"मग पेढे का वाटलेस?"

"ऑर्डर आधीच देऊन झाली होती," आई म्हणाली. "आणि म्हटलं, तू बघशील काहीतरी."

शेवटच्या सामन्याला, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी, भोंगा वाजला आणि लोकांनी उठून टोप्या फेकल्या. प्लंबरच्या आजीला काचेपाशी खुर्ची दिली होती. तिची निळी टोपी काचेवरून पलीकडे जाईना. तिसऱ्या प्रयत्नात मास्तरने ती तिच्याकडून घेऊन फेकली. खेळाडूंनीही फेकायच्या होत्या. मी अकरा वर्षं हेल्मेट घालायच्या आधी जी घालून यायचो ती तपकिरी माकडटोपी फेकली. आईने पुण्याहून पाठवलेली, आत तिने मार्करने आमचं आडनाव लिहिलेलं, देवनागरीत. चांगली लांब गेली. माझी त्या रिंकवरची सगळ्यात सरळ फेक तीच असावी, आणि तीही कोणाला न लागता.

सामना संपल्यावर कँटीनमध्ये टेबलावर टोप्या रांगेने मांडल्या होत्या आणि मास्तर त्यांची यादी करत बसला होता. माझी नव्हती. पुढच्या आठवड्यात प्लंबर आमच्या गल्लीत कुणाचं तरी गटार मोकळं करायला आला, तर त्याच्या डोक्यावर माकडटोपी. मी म्हणालो, ही माझी आहे. तो म्हणाला, बर्फावर सापडली, नाव लिहिलेलं नव्हतं. मी टोपी उलटी करून त्याला दाखवलं. त्याने ते नीट निरखलं आणि म्हणाला, हे नाव आहे होय, मला वाटलं नक्षी आहे. मग म्हणाला की उबदार आहे पण, आणि मास्तरच्या यादीत ती आता त्याच्या नावावर लागलेली आहे.

मी वेळ घेतली आहे. येत्या गुरुवारी, सव्वादहा ते पावणेअकरा. अर्जात दोन टोप्या लिहिल्या आहेत.